मृत साठा

अण्णा शिकागोला आले त्या आठवड्यातच आम्ही त्यांना मिशिगन सरोवरावर घेऊन गेलो. मे सरत आला होता, तरी वारा बोचरा होता. इथे येणारा प्रत्येक पाहुणा पहिल्यांदा ते पाणी पाहून एकच वाक्य म्हणतो, "अगं, हा तर समुद्र!" आणि मग फोटो काढतो. अण्णा असलं काही म्हणाले नाहीत. काठावर चुनखडीच्या प्रचंड शिळा पायऱ्यांसारख्या रचलेल्या आहेत, त्यांतल्या सगळ्यांत खालच्या पायरीवर ते सावकाश उतरले आणि वाकून दगडाकडेच बघत राहिले. काय शोधताय म्हणून विचारलं, तर उत्तर न देता शेजारची शिळा बघितली. मग माझ्या ध्यानात आलं. पाणी उतरल्याची खूण शोधत होते ते. आमच्याकडे धरणाच्या काठच्या प्रत्येक खडकावर पट्टे असतात, एकाखाली एक, पाणी कुठून कुठवर आलं ते सांगणारे. इथे तसं काही नव्हतं. थोडं हिरवं शेवाळ आणि वर कोरडा दगड. "उन्हाळ्यात कुठवर उतरतं हे?" त्यांनी विचारलं. म्हटलं, "उतरत नाही अण्णा फारसं. वर्षभरात फूटभर वरखाली." त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, पुन्हा क्षितिजाकडे पाहिलं आणि बऱ्याच वेळाने म्हणाले, "मग याचा मृत साठा किती धरायचा?"

हा प्रश्न मला पुढे कित्येक आठवडे सोडेना.

ज्यांचं बालपण उजनीच्या काठी गेलं नाही, त्यांना तो विचित्र वाटेल. करमाळा तालुक्यात, भीमेच्या काठी आमचं गाव होतं. होतं म्हणते, कारण धरण झालं तेव्हा ते पाण्याखाली गेलं आणि आम्ही वर माळावर नव्या गावठाणात आलो. मी जन्मले नव्या गावात, वाढले जुन्या गावाच्या गोष्टींवर. ज्या वर्षी पाऊस दगा देई, त्या वर्षी मार्च-एप्रिलात पाणी मागे हटत हटत जाई आणि जुनं गाव वर येई. चौथरे, चिरेबंदी वाड्याची एक भिंत, बारवेचं तोंड. पलीकडे इंदापूरच्या बाजूला पळसदेवचं देऊळ उघडं पडलं की लांबलांबून माणसं दर्शनाला येत. बायका आपापल्या घराच्या जागेवर जाऊन हळदकुंकू वाहून येत आणि परतताना कुणी फारसं बोलत नसे. त्याच वेळी मोकळ्या पडलेल्या ओल्या जमिनीत गाळपेर चाललेली असे, भिगवणच्या बाजूला उथळ चिखलात रोहित पक्ष्यांचे गुलाबी थवे उतरलेले असत. पाणी कमी होण्यात एवढं सगळं एकदम मिळे, दुःखही आणि पिकंही. जुलै उजाडला की घराघरात एकच चौकशी: दौंडचा विसर्ग किती, म्हणजे वरून किती पाणी येतंय? धरण प्लस झालं का? उजनीत एकूण ११७ टीएमसी पाणी मावतं, त्यातलं जवळजवळ ६४ टीएमसी मृत साठ्यात जातं. म्हणजे निम्म्याहून जास्त पाणी दरवाजांच्या पातळीच्या खाली, सहसा हात न लावायचं. वापरायच्या पाण्याचा आकडा शून्यावर आला तरी धरण दिसायला भरलेलं असतं आणि मग उणे टक्के मोजायला लागतात. २०२४ च्या उन्हाळ्यात तो आकडा उणे साठच्या जवळ गेला होता. अण्णांना आयुष्यभर पाण्याकडे बघताना आधी हेच दिसत आलं आहे: यातलं आपलं किती आणि ज्याला हात लावायचा नाही ते किती.

म्हणून मी एका रात्री कागद घेऊन बसले. एक टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट. मिशिगन सरोवराच्या वर, उत्तरेला, सुपीरियर आहे. पृष्ठभागाने पाहिलं तर गोड्या पाण्याचं जगातलं सगळ्यांत मोठं सरोवर, ८२,००० चौरस किलोमीटर, म्हणजे दोन केरळ त्यात बुडून वर जागा उरेल. त्यात १२,१०० घनकिलोमीटर पाणी आहे. टीएमसीत मांडलं तर सव्वाचार लाखांच्या वर. भागिले ११७ केलं, तर साडेतीन हजारांहून जास्त उजनी. सुपीरियर, मिशिगन, ह्युरॉन, ईरी, ऑन्टारिओ या पाचांची बेरीज केली तर आठ लाख टीएमसी. पृथ्वीच्या पाठीवर नद्या-सरोवरांत द्रवरूपात जे गोडं पाणी आहे, त्याचा पाचवा हिस्सा. (सैबेरियातलं एकटं बैकाल या पाचांपेक्षा जास्त पाणी धरून आहे, कारण ते १,६४२ मीटर खोल आहे, पण ते वेगळंच प्रकरण, जमीन फाटून झालेली भेग ती, अडीच कोटी वर्षं जुनी.) आकडे लिहून झाल्यावर मला अभिमान वाटायला हवा होता, आपण एवढ्या पाण्याकाठी राहतो म्हणून. वाटलं ते वेगळंच. घशाशी काही तरी आलं. जुन्या गावातली भिंत आठवली, आणि उजनीसाठी मोजून मोजून भांडलेले एकेक टीएमसी आठवले.

पण अण्णांचा प्रश्न बेरजेचा नव्हताच. एवढं पाणी आलं कुठून आणि दरवर्षी किती येतं, हे त्यांना हवं होतं. सुपीरियरला मिळणाऱ्या नद्या दोनशेच्या घरात आहेत, पण त्यात भीमेसारखी लांब एकही नाही. त्याचं पाणलोट क्षेत्र त्याच्या स्वतःच्या आकाराच्या मानाने लहान आहे, बरंचसं पाणी तर थेट पृष्ठभागावर पडलेला पाऊस आणि बर्फच. मग हे भरलं कशाने? हिमयुगाने. किलोमीटरहून जाड बर्फाच्या थराने इथली जमीन हजारो वर्षं घासली, कोरली, दाबली, आणि तो थर उत्तरेकडे मागे सरत गेला तसतसं त्याचं वितळलेलं पाणी त्या खड्ड्यांत साचलं. सरोवरांना आजचा आकार आला तो गेल्या दहा-बारा हजार वर्षांत. त्या ओझ्याखाली दबलेली जमीन अजून वर उचलली जाते आहे, उत्तरेकडे जास्त, दक्षिणेकडे कमी, त्यामुळे सुपीरियरचं पाणी अजूनही थोडं थोडं पश्चिम टोकाच्या डलूथ शहराच्या बाजूला कलतं आहे. बर्फ केव्हाच गेला, त्याचं वजन जमीन अजून विसरलेली नाही. आज पाऊस, बर्फ आणि नद्या मिळून या पाच सरोवरांत जी भर टाकतात, ती एकूण साठ्याच्या जेमतेम एक टक्का. सुपीरियरमध्ये पडलेला थेंब बाहेर पडायला सरासरी १९१ वर्षं लागतात.

अण्णांना हे सांगितलं, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "म्हणजे सगळा मृत साठाच की."

तांत्रिकदृष्ट्याही ते खरंच आहे. सुपीरियरचा पृष्ठभाग समुद्रसपाटीपासून १८३ मीटर उंच आणि तळ समुद्रसपाटीच्या २२३ मीटर खाली. सू सेंट मेरीला जिथून त्याचं पाणी बाहेर पडतं, तो उंबरठा पृष्ठभागाच्या जवळच आहे. तेवढा वरचा पापुद्रा सोडला तर बाकीचं पाणी कुठेही वाहून जाणार नाही, ते तिथेच बसून राहणार. हिशेबाने जगायचं तर माणसांच्या वाट्याला तो एक टक्काच येतो. तोही लहान नव्हे, आठ हजार टीएमसी. पण त्यावरच सगळ्या नद्या, नायगारा, मासे आणि बाष्पीभवन चालायचं असतं.

बाष्पीभवनाची गोष्ट तर मला इथे बरीच वर्षं राहूनही कळली नव्हती. आमच्याकडे पाणी उन्हाने उडतं, एप्रिल-मे त्याचे महिने. इथे उलटं आहे. उन्हाळ्यात ही सरोवरं जास्तीत जास्त भरलेली असतात, कारण वसंतात बर्फ वितळून आलेलं असतं आणि पाणी अजून गार असल्याने त्यातून वाफ फार निघत नाही. पाणी उडतं ते शरदात आणि हिवाळ्याच्या तोंडाशी. उन्हाळाभर तापलेल्या पाण्यावरून कॅनडाची कोरडी गार हवा वाहायला लागली की ते भसाभस वाफाळतं. अशी एक सकाळ मी पाहिली आहे. रात्रीत पारा एकदम खाली गेला होता, नाकाच्या आत टोचत होतं, आणि सरोवर क्षितिजापर्यंत चुलीवरच्या हंड्यासारखं वाफाळत होतं. वाफेचे खांब उभे राहत, वाऱ्याने वाकत, पुन्हा उभे राहत. खालून सूर्य आला तेव्हा सगळं केशरी झालं. हीच वाफ पलीकडच्या किनाऱ्यावर, मिशिगन राज्यात, बर्फ होऊन फुटाफुटाने पडते. आणि इथली पातळी सगळ्यांत खाली जाते ती जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास, कडाक्याच्या थंडीत. फूटभराचा हा वार्षिक खेळ सोडला, तर काही वर्षांच्या अंतराने मोठी उलथापालथ होते. जानेवारी २०१३ मध्ये मिशिगन-ह्युरॉनची पातळी नोंदी ठेवायला लागल्यापासून सगळ्यांत खाली होती. धक्क्यांना बोटी लागत नव्हत्या. २०२० मध्ये तेच पाणी जवळजवळ १.९ मीटरने वर होतं आणि शिकागोतले काही किनारे दिसेनासे झाले होते. (ही दोन सरोवरं नकाशावर वेगळी, पण मॅकिनॉच्या सामुद्रधुनीने जोडलेली आणि एकाच पातळीची, खरं तर ते एकच पाणी आहे.)

भरती-ओहोटी इथे हाताला लागण्याइतकीही नाही, पण म्हणून पाणी स्थिर आहे असं नाही. वारा आणि हवेचा दाब मिळून सरोवराचं सगळं पाणी एका बाजूला ढकलतात आणि ते परत येतं. २६ जून १९५४ ला असंच परत आलेलं पाणी शिकागोच्या माँट्रोज धक्क्यावर तीनेक मीटर चढलं आणि सकाळी गळ टाकून बसलेली आठ माणसं बुडाली. त्या वेळी शहरावर धड वादळही नव्हतं. माँट्रोजला आजही गळ टाकून बसलेली माणसं असतात. मी तिकडून जाते तेव्हा न चुकता क्षितिजाकडे बघते.

सुपीरियरवर आम्ही अण्णांना ऑगस्टमध्ये नेलं. सगळीकडे गर्दी पोहायला उतरलेली असावी असा महिना, आणि तिथे घोट्याएवढ्या पाण्यात पाय ठेवला की हाडापर्यंत कळ जाते. तळाचा प्रत्येक गोटा वेगळा दिसतो, तांबडा, काळा, हिरवट, पट्ट्यापट्ट्यांचा. वास कसलाच नाही. मला तर समुद्राच्या आकाराच्या पाण्याला वास नसणं अजूनही अस्वस्थ करतं. अण्णांनी ओंजळभर पाणी उचललं, मला विचारून मग प्यायले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जो भाव आला तो मी त्यांना देवळात पाहिला आहे. उजनीचं पाणी त्यांनी गेल्या कित्येक वर्षांत असं तोंडाला लावलेलं नाही. सुपीरियर इतकं स्वच्छ राहिलं त्याची कारणं साधी आहेत: थंडी, खोली, काठाला थोडी माणसं आणि थोडी शेती. पाणी ४ अंशांना सगळ्यांत जड होतं, त्यामुळे शरदात वरचं पाणी गार होत त्या अंशावर आलं की खाली बुडतं आणि खालचं वर येतं. वसंतात पुन्हा तसंच. वर्षातून दोनदा सगळं सरोवर स्वतःला ढवळून घेतं आणि ४०६ मीटर खोल तळापर्यंत प्राणवायू पोचतो. याउलट ईरी. सरासरी खोली १९ मीटर, सभोवती मक्याची शेती आणि शहरं. त्याचं पाणी अडीच-पावणेतीन वर्षांत बदलतं, म्हणून ते लवकर बिघडतं आणि लवकर सुधारूही शकतं. ऑगस्ट २०१४ मध्ये टोलेडो शहर आणि परिसरातल्या पाच लाखांच्या आसपास माणसांना नळाचं पाणी पिऊ नका, उकळूनही पिऊ नका, असं सांगावं लागलं. खतांवर पोसलेलं हिरवं विषारी शेवाळ पाणी उचलण्याच्या जागेपाशी आलं होतं. ती छायाचित्रं मी तेव्हा पाहिली आणि दचकले. तो रंग मला ओळखीचा होता.

परतल्यावर शिकागो नदी दाखवायला गेलो. दोन्ही बाजूंनी काचेच्या इमारती, मध्ये हिरवं पाणी, पर्यटकांच्या बोटी. मी अण्णांना सांगत होते की ही नदी पूर्वी सरोवरात जायची, शहराची सगळी घाण घेऊन, आणि शहर पिण्याचं पाणी उचलायचं ते त्याच सरोवरातून. साथी यायच्या, माणसं मरायची. म्हणून जानेवारी १९०० मध्ये पंचेचाळीस किलोमीटर लांबीचा कालवा खोदून इंजिनीअरांनी नदी उलटी फिरवली. आता ती सरोवरातून बाहेर वाहते, डेस प्लेन्स, इलिनॉय, पुढे मिसिसिपी. हे मी थोड्या कौतुकानेच सांगत होते. इथे सगळे तसंच सांगतात. अण्णा ऐकत होते. म्हणाले, "आणि खालच्या गावांनी काय प्यायचं?"

पुण्याची आणि पिंपरी-चिंचवडची मुळा-मुठा, पवना जिथे शेवटी येऊन थांबते, त्या पाण्याच्या काठचा माणूस दुसरं काय विचारणार. मिसिसिपीकाठच्या सेंट लुईसनेही नेमकं तेच विचारलं होतं. मिसूरी राज्य सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९०६ मध्ये हरलं. शिकागोच्या घाणीनेच आजार आले हे त्यांना सिद्ध करता आलं नाही. पुढे शिकागोत मैलाशुद्धीकरणाचे मोठे प्रकल्प झाले, ती गोष्ट खरी. पण आजही न्यायालयाच्या आदेशाने शिकागोला सरोवराच्या खोऱ्याबाहेर सेकंदाला ३,२०० घनफूट पाणी नेता येतं. क्युसेकमधला आकडा दिसल्यावर मला राहवेना. वर्षाचे १०१ टीएमसी. जवळजवळ एक कोयना, दरवर्षी. माझ्या घरच्या नळाला येतं ते याच हिशेबातलं पाणी. ते पिताना मला अपराधी वाटत नाही, पण खालच्या गावाची मुलगी वरच्या गावात राहायला आली आहे, हे मात्र विसरता येत नाही.

या पाण्याभोवती चालून आलेल्या एका बाईंबद्दल अण्णांना सांगितलं तेव्हा त्यांनी दोनदा नाव विचारून घेतलं. जोसेफिन मँडमिन. या सरोवरांकाठच्या मूळ रहिवाशांपैकी, अनिशिनाबे लोकांतल्या. त्यांच्यात पाण्याची जबाबदारी बायकांकडे असते. पाणी बिघडत चाललंय, तर आपण काय करायचं, म्हणून साठी गाठलेल्या या आजीने २००३ मध्ये तांब्याच्या बादलीत पाणी घेतलं आणि सुपीरियरभोवती पायी प्रदक्षिणा घातली. पुढच्या वर्षांत बाकीच्या सरोवरांभोवतीही. चालताना पाण्याशी बोलायचं, त्याची माफी मागायची, आभार मानायचे. २०१९ मध्ये त्या गेल्या, पण त्यांनी सुरू केलेलं चालणं थांबलेलं नाही. माझी आत्या नर्मदा परिक्रमेला गेली होती, त्यामुळे हे अण्णांना समजावून सांगावं लागलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "एकट्या गेल्या की जोडीने?" त्यांच्याबरोबर इतरही होते म्हटल्यावर त्यांना बरं वाटलं.

अण्णा आता गावी परतले आहेत आणि मी या सरोवरांचा कायदा वाचत असते. आठ राज्यांनी मिळून केलेला आणि २००८ मध्ये लागू झालेला करार सांगतो की या खोऱ्याचं पाणी खोऱ्याबाहेर जाणार नाही. अपवाद थोडे आणि कडक. विस्कॉन्सिनमधलं वॉकेशा हे शहर मिशिगन सरोवरापासून पंचवीस-तीस किलोमीटरवर, पण खोऱ्याच्या कडेच्या जरा पलीकडे. त्यांच्या विहिरींच्या पाण्यात रेडियम निघालं. त्यांनी सरोवराचं पाणी मागितलं, तर वर्षानुवर्षं वाद झाला, २०१६ मध्ये आठही गव्हर्नरांची संमती लागली आणि पाणी प्रत्यक्ष पोचायला २०२३ उजाडलं. साठा सुपीरियर-मिशिगनचा आणि मागणी सत्तर हजार वस्तीच्या एका शहराची, तरी एवढी चौकशी! पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे निष्ठुर वाटलं होतं. आमच्या तालुक्यातून बघणाऱ्याला ते तसंच वाटेल, आणि २०२१ मध्ये उजनीतले पाच टीएमसी इंदापूरला देण्यावरून सोलापूर पेटलं, सरकारला आदेश मागे घ्यावा लागला, तेव्हाही माझ्या ओळखीची माणसं दोन्ही बाजूंना होती. तरीही आज मी या कराराच्या बाजूने आहे. एक टक्क्यावर जगणाऱ्या साठ्याला एवढी चौकशी हवीच.

पण त्या करारातली मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते ती वॉकेशाला घातलेली अट. दिवसाला साधारण तीन कोटी लिटर पाणी न्या, वापरा, आणि शुद्ध करून रूट नदीवाटे त्याच सरोवरात परत आणून सोडा. शहराने त्यासाठी वेगळी नळवाहिनी टाकली. जेवढं नेलं तेवढं, आणि पिण्याला लाज वाटणार नाही इतपत स्वच्छ करून. ही अट वाचली की मला खडकवासल्यापासून दौंडपर्यंतची नदी दिसते. उजनीच्या वाट्याला किती टीएमसी यायचे यावर आपल्याकडे भांडणं होतात, मोर्चे निघतात, आणि ते योग्यच आहे. पण ते कसल्या अवस्थेत यायचे, हेही पुण्याला लिहून दिलं पाहिजे, मोजून घेतलं पाहिजे, आणि दौंडच्या विसर्गाच्या आकड्याशेजारी रोज छापलं पाहिजे.